उतरलेला सूर आणि विहिरीची किल्ली

एकदा एका गावातील वृद्ध ख्रिस्ती आचार्यांनी चर्चच्या मंडळीच्या विहिरीची किल्ली आपल्या शिष्याच्या हाती सोपवली. शिष्याचे नाव शांतवन. पुढे तोच मंडळीचा उपदेशक व्हायचा होता. किल्ली देताना आचार्य म्हणाले, "रात्री जनावर पडू नये म्हणून झाकणाला कुलूप लाव. दिवस उगवला की काढ. पाण्याला कोण आले, हे विचारू नकोस. तहानेल्याला पाणी देणे ही प्रभूची आज्ञा आहे, आपली मेहेरबानी नव्हे."

शांतवनाने ती आज्ञा मनापासून पाळली. उन्हाळा चढू लागला तसा मात्र तो संध्याकाळी मंडळीतल्याच एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या ओसरीवर बसू लागला. ओसरी विहिरीसमोरच होती. तेथे ना दारू, ना जुगार. उलट चहा मिळे, भजने होत. एकदा शेठ सहज म्हणाले, "शांतवनराव, दुपारचं तरी झाकण लावा. झऱ्यांना विहीर भरायला उसंत नको का?" ते रास्त वाटले. मग कोणी सुचवले, आधी मंडळीची माणसे, मग बाहेरची. तेही रास्त वाटले. पुढे बाहेरच्यांची पाळी येण्याआधीच कुलूप लागू लागले, आणि ओसरीवर कोणालाही त्यात काही वावगे दिसेना.

एके सकाळी माळावर पाल ठोकून राहणारी, खडी फोडणारी सगुणा घागर घेऊन आली. "दादा, लेकरू तापानं फणफणलंय. एवढी घागर भरू द्या."

"वेळ संपली, बाई," शांतवन म्हणाला.

"चर्चची विहीर आहे, पाणपोई नव्हे," ओसरीवरून शेठ म्हणाले. तेथे हसू उठले. शांतवनही हसला. सगुणा ओढ्यातल्या गढूळ डबक्याकडे वळली. चर्चच्या दारातून आचार्यांनी हे सारे पाहिले.

रविवारी उपासनेत आचार्यांनी बाजाची पेटी नुसती उघडून ठेवली. पहिला सूर दिला आणि हात काढून घेतला. "आज पेटीविना गा," ते म्हणाले. शांतवन आणि ओसरीवरची मंडळी दीर्घ भजन एकदिलाने गायली. शेवटचे कडवे चालू असता आचार्यांनी तोच पहिला सूर पुन्हा दाबला. गाणे आणि पेटी यांची अशी काही विसंगती झाली की लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पेटी बिघडली वाटतं," शेठ म्हणाले.

"पेटी जागेवर आहे," आचार्य म्हणाले.

उपासना संपताच शांतवन संतापून त्यांच्यापुढे उभा राहिला. "चारचौघांत आमची शोभा केलीत. आधाराविना सूर उतरतोच."

"उतरतो. पण तुला कळला का?"

"नाही. शेजारचे माझ्याबरोबरच गात होते."

"शेजारी कोणी उघड बेसूर असता, तर तू सावध झाला असतास," आचार्य रागाने म्हणाले. "ही माणसे तुझ्यासारखीच होती, म्हणून तू गाफील राहिलास. सगळे मिळून केसाकेसाने उतरलात. एकमेकांशी जुळते आहे, म्हणजे प्रभूशीही जुळते आहे, असे तुम्हाला वाटू लागले. आजारी लेकराच्या आईला गढूळ पाण्याकडे पाठवून तुम्ही स्तवन गाता, आणि मी पेटीला हात लावला याचा तुला राग येतो? ज्यांच्यात बसून तुला आज्ञा मोडल्याचे कळतही नाही, ती संगत दारूच्या गुत्त्याहून घातक आहे."

शांतवनाची मान खाली गेली. त्याने किल्ली पुढे केली. "मी हिला लायक नाही."

आचार्यांनी ती घेतली नाही. "किल्ली मी घेतली तर तू सुटशील. सगुणेला पाणी कोण देणार?"

शांतवन विहिरीवर गेला. त्याने कुलूप काढून बाजूला ठेवले आणि घागर शेंदून घेतली.

"शांतवनराव, चहा निवतोय," ओसरीवरून हाक आली. "आणि हे काय, पाणक्याची नोकरी धरलीत की काय?"

"निवू द्या, शेठ," तो म्हणाला, आणि भरली घागर खांद्यावर घेऊन माळाच्या वाटेला लागला. मागे ओसरीवर कोणीतरी तेच भजन पुन्हा धरले. या खेपेला, चालता चालता, त्याला सूर उतरलेला ऐकू आला.