परीला हात नव्हते

डोंगराच्या पायथ्याशी, लाल मातीच्या वळणावर, एक इवलंसं घर होतं. भिंती मातीच्या, अंगण शेणाने सारवलेलं, आणि दारात शेवग्याचं बारीकसं झाड. त्या घरात अबोली राहायची. आठ वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. तिच्या परकराला एक निळं ठिगळ होतं आणि एक पिवळं. तिचे बाबा, धाकू, बांबूच्या टोपल्या विणायचे आणि आई त्या डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची.

पण पाच दिवस झाले, आई उठलीच नव्हती. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे मिटलेले. अबोली ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसायची, तर फडकंच गरम व्हायचं.

वैद्यबुवा राहायचे नदीपलीकडे. पण बाबा त्यांना आणायला गेले नव्हते. ते गेले होते रानमाई देवीच्या देवराईत, कौल लावायला. त्या गावाची रीतच तशी होती. देवीच्या पाषाणावर गुरव दोन ओल्या पाकळ्या चिकटवायचा, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवी 'हो' म्हणाली. डावी पडली तर 'नाही'.

बाबांनी विचारलं होतं, "माझी बायको बरी होईल का गो माये?"

आणि उजवी पाकळी टपकन पडली होती!

तेव्हापासून बाबा उंबऱ्यावर बसून होते. "देवी हो म्हणालीय. आता मध्येच वैद्य आणला, तर तिला काय वाटेल? ह्यांचा माझ्यावर विश्वास नाही, असंच ना?"

आणि खरं सांगायचं, तर दुसरीही एक गोष्ट होती. नदीवर होडी एकच, आणि ती शेजारच्या भामाकाकूंची. कुंपणावरच्या फणसावरून बाबांचं आणि भामाकाकूंचं असं काही वाजलं होतं, की दोन वर्षं एकमेकांना बघितलं तरी दोघं मान फिरवायचे.

सहाव्या दिवशी सकाळी आईने अबोलीची हाकसुद्धा ऐकली नाही. ती देवराईकडे धावत सुटली. रानमाईला आपणच विचारायचं, तिने ठरवलं.

वाटेत दगडावर बसल्या होत्या भामाकाकू! टाच हातात धरून कळवळत होत्या. करवंदीचा लांबलचक काटा रुतला होता.

"काय बघतेस गो? फणसचोराची पोर ना तू?"

अबोलीला रडूच आलं. पण टाचेतून रक्त येत होतं. तिने ठिगळाला लावलेली टाचणी काढली, खाली बसली, आणि हलक्या हाताने काटा बाहेर काढला.

"हं," काकू म्हणाल्या. "हात बरा आहे तुझा. बापावर गेली नाहीस."

अबोली पुन्हा धावली. देवराईत शिरली, आणि सगळं कसं हिरवंगार, थंडगार झालं. झाडं एवढी उंच, की ऊन खाली पोचेपर्यंत त्याचे सोनेरी ठिपकेच व्हायचे. निळी, केशरी फुलपाखरं त्या ठिपक्यांतून भिरभिरत होती. मधोमध रानमाईचा शेंदरी पाषाण. त्याला चांदीचे दोन डोळे, बस.

"रानमाये, हो म्हणालीस ना? मग करत का नाहीस?" अबोली हमसून हमसून रडू लागली.

तोच नेच्याच्या एका पानावर लखकन काहीतरी चमकलं. करंगळीएवढी परी! झगा मोरपंखी, केसांत दवाचे चिमुकले मणी, आणि चार झुळझुळीत पंख. अबोली रडायची थांबली. मग तिने नीट पाहिलं आणि ती किंचाळलीच.

"अगं बाई! तुला हात नाहीत!"

"नाहीतच मुळी," परी हसून म्हणाली. "देवाने मला पंख दिले, तुम्हाला हात दिले. एक मागणं माग, अबोली. मी ते देवापर्यंत पोचवीन."

"माझी आई बरी होऊ दे!"

"पोचलं! पण तीन अटी आहेत. हेच मागणं माणसांपुढेही मोठ्याने मागायचं. मदतीला कुणाचे हात येतील, ते तू ठरवायचं नाहीस, आणि जे येतील त्यांना परतवायचं नाही. आणि सूर्य त्या डोंगराला टेकायच्या आत हे व्हायला हवं."

"माणसांपुढे?" अबोली गोंधळली. "पण करणार तर देव ना?"

"आज सकाळी एक म्हातारी दगडावर बसून म्हणत होती, देवा, कुणाला तरी पाठव रे. देवाने कुणाला पाठवलं, ठाऊक आहे?"

अबोलीने इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला?"

"काटा कुणी काढला?"

अबोलीने आ वासला. "मला? छे! मला कुणी नाही पाठवलं. मी आपली माझ्या कामाला चालले होते!"

"पाठवलेल्यांना कुठं कळतं?" परी म्हणाली आणि पानामागे दिसेनाशी झाली.

अबोली आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघतच राहिली. मग पुन्हा पाषाणाकडे पाहिलं, आणि तिला एवढा धक्का बसला, की ती घरापर्यंत एका दमात पळाली.

"बाबा! वैद्यबुवांना आणा!"

"पुन्हा तेच? देवी हो म्हणालीय."

"बाबा, रानमाईला हात आहेत का?"

बाबा रागावून काही बोलणार होते. तोंड उघडलं, तसंच उघडं राहिलं. जन्मभर ते त्या पाषाणापुढे डोकं टेकत आले होते. पाषाणाला डोळे होते. हात नव्हते. हे त्यांना आजवर दिसलंच नव्हतं!

"मग हो म्हणाली ती..." बाबा पुटपुटले. "ती कुणाच्या भरवशावर म्हणाली? माझ्या? आणि मी पाच दिवस इथे बसून आहे?" ते ताडकन उठले. मग तितक्याच झटकन थबकले. "पण होडी... त्या बाईची..."

अबोली मुलखाची लाजाळू. शाळेतही कधी मोठ्याने बोलली नव्हती. पण ती अंगणात गेली, डोळे घट्ट मिटले आणि गळा फुटेल एवढ्या जोराने ओरडली, "माझी आई मरायला टेकलीय! कुणीतरी या हो!"

डोळे उघडले, तर कुंपणाशी भामाकाकू उभ्या! हातात वल्हं.

बाबा दगडासारखे झाले. "तुम्ही?"

"मग काय नदी येईल चालत तुझ्या दारात? चल रे धाकू! वल्हवणार मी, तू गप्प बसायचं. फणसाचं नंतर बघू."

"पण तुम्ही कशा..."

"अरे, पलीकडे लेकीकडे निघाले होते. पण कुणी धरून वळवावं तसे पाय इकडेच वळले. गप्प बस म्हटलं ना!"

नको म्हणायला बाबांचे ओठ हलले. अबोलीने त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, आलेल्याला परतवायचं नाही." बाबांनी मान खाली घातली आणि ते निघाले.

ऊन माथ्यावर आलं. ऊन कलायला लागलं. अबोली आईचं कपाळ पुसत होती आणि डोंगराकडे बघत होती. सूर्य त्याच्याजवळ जाऊन केशरी झाला, तेव्हा कुठे वैद्यबुवा धापा टाकत आत आले. त्यांनी नाडी पाहिली. "एवढा उशीर?" एवढंच म्हणाले आणि खलात पाला-मुळी कुटू लागले. हिरवागार कडू रस चमच्याने आईच्या ओठांत गेला. एक चमचा. दुसरा. तिसरा.

सूर्याची कड डोंगराला टेकणार, एवढ्यात आईच्या कपाळावर घामाचे बारीक बारीक मोती आले. ताप उतरत होता!

भामाकाकू पदराने आईचा घाम टिपत होत्या. आईने डोळे उघडले, त्यांना आपल्या उशाशी पाहिलं आणि तिचा ऊरच भरून आला. "काकू? तुम्ही... आमच्या घरात?"

"निजून राहा. पेज आणते," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसत चुलीकडे वळल्या. बाबा मुकाट्याने त्यांच्यासाठी चूल फुंकू लागले.

अबोली अंगणात आली. शेवग्याच्या फुलावर परी बसली होती.

"परीताई, मग देव काहीच करत नाही का? सगळं आम्हीच करायचं?"

"भामाकाकूंचे पाय इकडे कुणी वळवले?"

अबोलीने वळून चुलीपाशी बसलेल्या काकूंकडे पाहिलं. अंगावर सर्रकन काटा आला. तिने विचारायला तोंड उघडलं, तर परी उजळत उजळत पिवळी झाली, सोनेरी झाली, पांढरीशुभ्र झाली. अंगण, कुंपण आणि कुंपणावरचा फणससुद्धा लख्ख उजळून निघाला. बाबा धावत दाराशी आले आणि खिळून उभे राहिले. मग उजेड विझला. फुलावर कुणीच नव्हतं.

आणि आतून, पाच दिवसांनी पहिल्यांदा, हाक आली.

"अबोली, पाणी देतेस का गो, बाय?"

"आले, आई!"

अबोलीची हाक जशी पोचली, तशी तुमची-आमची पोचो. आणि कुणाची आपल्या दारी आली, तर आपले पाय उंबऱ्यावर अडून न बसोत.