बुऱ्हान खतीबाचा दोर

ऐका, फार फार वर्षांपूर्वी आपल्या या केळथरच्या खाडीकाठी बुऱ्हान नावाचा एक खतीब होता. शुक्रवारी दुपारी तो मशिदीत मिंबरच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच आसनाच्या, पायऱ्या चढायचा, हातातल्या काठीवर भार देऊन खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाआधीचं प्रवचन, वाचायचा. बाकीचे सहा दिवस काथ्याचे दोर वळायचा. त्याचा दोर भिजला की आणखी आवळायचा, आणि त्याने बांधलेली होडी तुफानातही सुटत नसे, असं म्हणतात. गावातल्या कोळ्यांकडे, भंडाऱ्यांकडे, मुसलमानांकडे, सगळ्यांकडे त्याच्याच हातचे दोर.

त्या काळी रीत अशी होती की खुतब्यात अल्लाची स्तुती झाली, पैगंबरांवर दरूद, म्हणजे सलामाची दुआ, झाला, की मग राजाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव मिंबरवरून वाचलं जाई, मुलूख त्याचा. तलवारीने जिंकलेलं राज्य या एका नावावाचून कच्चं राही. म्हणून तर मोठमोठ्या सुलतानांना एका दोर वळणाऱ्या खतीबाची गरज पडायची.

तेव्हा टेकडीवरच्या गढीत शमशेर मलिक नावाचा सरदार बसला होता. आधी दूरच्या सुलतानाचा चाकर, मग सुलतान म्हातारा झाला तसा हा स्वतःच सुलतान झाला. त्याने हुकूम काढला की खुतब्यात माझं नाव घ्या, आणि नुसतं नाव नको, 'न्यायी सुलतान, अल्लाची जमिनीवरची सावली' असं म्हणा. सावली म्हणे. या सावलीने पहिलं काम काय केलं असेल? गावात गोड्या पाण्याची एकच बाव होती, तिच्याभोवती भिंत घातली आणि फाटकावर भालेवाले बसवले. का, तर गढीवरच्या गुलाबांना पाणी कमी पडत होतं. गुलाबांना! माणसं दोन कोसांवरच्या झऱ्यावरून हंडे आणू लागली.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, दिवस जातील. तेव्हाही आपण असेच होतो, वाईट वाटून घेऊ नका.

बुऱ्हान गढीवर तीनदा विनवायला गेला. तिन्ही वेळा त्याला फाटकातूनच परत पाठवलं. चौथ्या खेपेची तयारी करत होता, तेवढ्यात रोशनबी गेली. नऊ महिन्यांची पोटुशी बाई, झऱ्यावरून भरला हंडा घेऊन उतरताना घसरली. ती गेली, पोटातलं मूल गेलं. तिची सासू खैरूबी दारात बसून फक्त एवढंच म्हणत होती, "बाव माझ्या घरापासून वीस पावलांवर आहे. वीस पावलांवर."

जनाज्याची नमाज बुऱ्हाननेच पढवली. दोन दिवसांनी शुक्रवार आला. तो मिंबरवर चढला, स्तुती झाली, दरूद झाला, राजाच्या नावाची जागा आली आणि तो गप्प झाला. लोकांना वाटलं खोकला आला असेल. पण तो तसाच उभा राहिला, काठीवर हात ठेवून. बराच वेळ गेल्यावर त्याने पुढचं वाचलं. नाव नाहीच.

आता बघा गावाची धावपळ. त्याच संध्याकाळी चार शहाणे त्याच्या अंगणात. "खतीबसाहेब, एक नावच तर आहे. जिभेला काय जड आहे? घ्या आणि सुटा." बुऱ्हान दोर वळता वळता म्हणाला, "ते नाव मी दुआत घेतो. अल्लापुढे उभा राहून मी म्हणायचं की हा न्यायी आहे, आणि तुम्ही म्हणायचं आमीन. रोशनबीची माती अजून ओली आहे. तुम्ही म्हणाल आमीन?" शहाणे उठून गेले. जाताना एकाने चपलाही उलट्या घातल्या, असं म्हणतात.

मलिकाने मग शहरातला काझी बोलावला. काझी विद्वान होता, शंभर किताबं वाचलेला, आणि जेवायला मलिकाच्या दस्तरखानावर. पोटभर जेवून त्याने निवाडा दिला की राजा कसाही असो, त्याचं नाव न घेणं म्हणजे बंड. मला मलिकाचा राग येतो तो येतोच, पण या काझीचा जास्त येतो. मलिकाला न्याय ठाऊक नव्हता, याला तर तोंडपाठ होता.

पुढच्या शुक्रवारी मलिक स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसला. मशीद भरली होती, आणि कोळी, भंडारी बाहेर पारावर उभे होते. बुऱ्हानने सगळं वाचलं, त्या जागेपर्यंत आला, मलिकाकडे सरळ पाहिलं आणि गप्प झाला. नमाज संपली तशी शिपायांनी त्याला धरलं. खाडीत ओहोटी होती. मधल्या काळ्या खडकावर त्याला उभा केला आणि खडकाच्या सुळक्याला बांधला. कशाने बांधला माहीत आहे? त्याच्याच हातच्या दोराने. भांगाचे दिवस होते, त्या दिवसांत भरती हळू चढते. मलिकाने मुद्दाम तेच साधलं. काठावर खुर्ची टाकून तो म्हणाला, "घाई नाही. नाव घे, सोडतो."

पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. सगळं गाव काठावर. तेव्हा बुऱ्हानने खडकावरूनच खुतबा सुरू केला. आवाज असा की पलीकडच्या तीरावरची माणसं होड्यांतून उठून उभी राहिली. स्तुती झाली, दरूद झाला. छातीपर्यंत पाणी आलं होतं. नावाची जागा आली आणि तो गप्प झाला.

आणि भरती थांबली.

असं म्हणतात की लाट जिथे होती तिथेच राहिली, फेससुद्धा हलेना. मलिकाच्या हातातला पेला खाली पडला, शिपाई भाले टाकून पळाले. अडवायला कुणी उरलं नाही. काठापासून खडक किती लांब? बघा ना, दिसतोय. शंभर पावलं. पाणी छातीएवढं, आणि काठावर पाचशे माणसं, निम्मी पोहणारी.

त्या पाचशे माणसांनी काय केलं? सुभानअल्ला म्हटलं. कुणी हात जोडले, कुणी सजद्यात गेलं, कुणी मुलांना खांद्यावर घेतलं, बघ बघ, पाणी थांबलंय. आपल्याच आजे-पणज्यांची गोष्ट सांगतेय मी, परक्यांची नाही. चमत्कार बघत उभे राहिले सगळे.

एकटी खैरूबी पाण्यात उतरली. म्हातारी, पदर डोक्याला घट्ट बांधून, पाण्याला हाताने मागे सारत खडकापर्यंत गेली. गाठीला हात घातला. पण दोर बुऱ्हानचा होता, भिजून आवळलेला. म्हातारीच्या बोटांनी सुटेना. तिने दात लावले, सुटेना. ती वळून ओरडली, "अरे, या ना रे कुणीतरी. एकटीने होत नाही."

समुद्राने वाट बघितली. खूप वेळ बघितली, असं म्हणतात. शेवटी किती बघणार? पाणी हललं. बुऱ्हान तिला म्हणाला, "जा खैरूबी, तुझ्या पदरात आमची सगळ्यांची लाज आहे." ती कशी परत आली ते तिचं तिलाच ठाऊक. मागे पाणी खडकावरून गेलं.

मग रडारड झाली. मग मर्दपणा जागा झाला. त्याच दिवशी गावाने बावेची भिंत हातांनी पाडली, आणि मलिक घोड्यावर बसून गेला तो गेलाच. त्याच्या गढीत आता बकऱ्या बांधतात. पहिला हंडा खैरूबीला दिला तर तिने तो रोशनबीच्या कबरीवर ओतला आणि मरेपर्यंत गावाशी एक शब्द बोलली नाही. बरोबर केलं तिने.

तेव्हापासून आपल्या मशिदीत खुतब्यात कुठल्याही राजाचं नाव घेत नाहीत. किती राजे आले आणि गेले, त्या जागी खतीब गप्प उभा राहतो, आणि मग पुढचं वाचतो.

आणि वर्षातून एकदा, त्या भांगाच्या शुक्रवारी, ओहोटीला काळ्या खडकावर काथ्याचा दोर बांधतात. भिजू देतात. पाणी कमरेएवढं चढलं की सगळं गाव, कोळी, भंडारी, मुसलमान, सुना, म्हाताऱ्या, सगळे आत उतरतात आणि गाठ सोडतात. ज्याला चालवत नाही त्याला उचलून नेतात. काठावर कुणी उभं राहायचं नाही. पाहुणा असो, सरकारी साहेब असो, फोटो काढणारा असो.

तो शुक्रवार आज आहे. पाणी चढायला लागलंय. मोबाईल त्या दगडावर ठेवा आणि चला, उतरा.