जास्वंदीचं पहिलं फूल

“मग महाराज, कळ्या का गळतात?”

विचारताना विश्रामबुवांचे डोळे भरून आले होते. तीन वर्षांपूर्वी गुरूंचा निरोप घेऊन ते या गावच्या मठात राहायला आले, तेव्हा गुरूंनी, म्हणजे नरसूमहाराजांनी, आपल्या अंगणातल्या पांढऱ्या जास्वंदीची एक फांदी त्यांच्या हातात दिली होती. “पहिलं फूल मला आणून दे,” एवढंच म्हणाले होते.

झाड डोक्याच्या वर गेलं. फूल मात्र एकही नाही.

त्यातच महाराजांच्या अंगणात वादळात फणसाचं झाड पडलं, आणि त्याच्याखाली तिथली जास्वंद गेली. आता ती उरली होती फक्त इथे. म्हणून तर ऐंशी उलटलेले महाराज आज रिक्षाने धक्के खात आले होते.

त्यांनी झाडाभोवती सावकाश फेरी मारली. बुंध्याभोवती सिमेंटचा पार, पारात तुंबलेलं पाणी. फांद्यांवर मुंग्यांची रांग आणि पानांखाली कापसासारखी पांढरी कीड.

“पाणी कसलं घालतोस रे?”

“अभिषेकाचं. दूध, मध, साखर... देवाचं तीर्थ पायदळी येऊ नये म्हणून. रोज, न चुकता.”

“आणि छाटतोस कधी?”

बुवांनी कानाला हात लावला. “तुमच्या हातची फांदी, महाराज! तिला कोयता लावू? मी कुणाला पानालासुद्धा शिवू देत नाही.”

हे मात्र अगदी खरं होतं. दर्शनाला येणाऱ्या बायका कुंपणापाशीच थांबत. एकदा गोदूबाईने लावायला फांदी मागितली, तर बुवांनी तिला असं फैलावर घेतलं की ती बरेच दिवस मठाकडे फिरकली नाही. आज महाराज आले म्हणून तीही आली होती. पण कुंपणाबाहेरच.

महाराजांनी बुवांच्या गालावरून हात फिरवला.

“किती जीव लावलास रे, बाळा...”

मग म्हणाले, “कोयता आण.”

आधी त्यांनी पाराची एक बाजू फोडायला लावली. तुंबलेलं पाणी वाहून गेलं. मग त्यांनी झाड छाटायला घेतलं. किडलेले शेंडे बाजूला टाकले, चांगल्या फांद्यांचे वीतभर तुकडे केले. बुवांना ते बघवेना. त्यांनी महाराजांचं मनगट धरलं.

“महाराज, ही तुमची आठवण आहे...”

“माझी कसली? मी एका कोळणीच्या दारातून मागून आणली होती. शिव्या घालत दिली तिने. पण दिली.”

बुवांनी हात सोडला.

झाडाचं गुडघ्याएवढं खोड तेवढं राहिलं. महाराजांनी कुंपणाकडे पाहून हाक मारली, “बायांनो, आत या.”

कुणी हललं नाही. सगळ्या बुवांच्या तोंडाकडे बघत राहिल्या...

शेवटी बुवा पुढे झाले आणि त्यांनी स्वतः फाटक उघडलं.

एकेकीच्या हातात फांदी देताना महाराज सांगत होते, “आधी सावलीत लाव. पाणी बेताचं. रुजली की उन्हात ने. वाढली की छाट, हात आखडू नकोस. नव्या फुटीलाच फूल येतं.”

गोदूबाईला त्यांनी दोन फांद्या दिल्या. तिने त्या पदरात घेतल्या आणि बुवांकडे न बघताच निघून गेली.

अंगण रिकामं झालं. बुवा खोडाशेजारी बसून राहिले.

“महाराज, आता तुमच्यासाठी फूल कुठून आणू?”

महाराजांनी पायरीवरची फुलांची रिकामी परडी उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“गोदूबाईकडे आधी फुलेल असं दिसतंय. तिच्या दारात उभा राहा आणि माग.”

“आणि तिने नाही दिलं तर?”

“शिव्या खा. दुसऱ्या दिवशी परत जा... तोवर मी काही मरत नाही.”