मोडक्या आखाची गाडी

तळेवडीच्या तळ्याकाठी, उंबराच्या सावलीत झोपडी बांधून उंबरनाथ महाराज राहत असत, त्या काळची ही हकीकत. महाराज उपदेश फारसा करीत नसत. पण कुणाच्या डोक्यावर ओझं दिसलं की बसल्या जागी त्यांना चैन पडत नसे. तळ्याचा बांध दर उन्हाळ्यात मातीने भरावा लागे, आणि ती माती गावच्या बायका पाट्यांतून डोक्यावर वाहत. त्याच कामात कोंडाजी सुताराची बायको जिजाई पाटीसकट घसरून पडली. तिची कंबर गेली, ती कायमचीच. कोंडाजी महाराजांपुढे येऊन ढसाढसा रडला.

महाराज म्हणाले, "रडून ती उठेल का रे बाबा? तुझ्या हातात वाकस-करवत आहे. बाकीच्यांच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरव."

झालं! कोंडाजीने तहानभूक विसरून तीन तऱ्हेच्या ढकलगाड्या घडवल्या. मातीसाठी केली तिला पुढे एकच चाक आणि मागे खोल पेटी. दांडे उचलले की माती आपसूक पुढे सांडे. दगडाच्या गाडीला चाक मधोमध, म्हणजे सगळा भार चाकावर, माणसाने नुसता तोल धरायचा. आणि पातळ गाऱ्यासाठी, म्हणजे कालवलेल्या चिखलासाठी, दोन चाकांची, कारण ती डुलत नाही, थेंबभर सांडत नाही. पण गावाला त्याचं काय!

गावचे दौलतराव इनामदार यांच्या दारी आठ बैलगाड्या. ते मिशीला पीळ देत म्हणाले, "काय रे कोंडाजी, आमचे बैल काय शोभेला बांधलेत? माणसालाच जुंपायचं, हे तुझ्या महाराजांनी शिकवलं वाटतं!" चावडीवर हशा पिकला. स्वतःचं हसं झालं त्याचं कोंडाजीला एवढं वाटलं नाही, पण महाराजांचं नाव निघालं ते काळजाला लागलं.

त्या वर्षी इनामदारांनी ईर्षेने बांधावर बैलगाड्याच घातल्या. कोंडाजीने हात जोडले. "सरकार, बांध म्हणजे गाडीवाट नव्हे. चाकोऱ्या पडतील, त्यांत पाणी मुरेल."

"तू मला अक्कल शिकवणार? हो बाजूला!"

भाद्रपदात पावसाने तीन दिवस झोडपलं. चाकोऱ्यांत पाणी तुंबलं, आत मुरलं आणि चौथ्या दिवशी भर दुपारी बांध फुगला. बघता बघता मनगटाएवढी धार लागली. खाली चाळीस घरांची आळी, आणि तिथेच अंथरुणावर जिजाई! कोंडाजीचा जीव खालीवर होऊ लागला. धावत जाऊन तिला उचलावं, तर बाकीच्या घरांचं काय? बांध राहिला तरच सगळे राहणार. त्याने डोळे पुसले आणि दगडाची गाडी बाहेर काढली.

इनामदारांची दगडांनी भरलेली बैलगाडी त्याच्याआधी निघाली होती. ती बांधावर चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतली, बैलांनी मान टाकली. मागच्या गाड्यांना वाटच उरली नाही. इनामदारांचं तोंड उतरलं. "आता काय करू?" म्हणत ते महाराजांच्या झोपडीकडे धावले, जन्मात पहिल्यांदाच.

चौघांनी रुतल्या गाडीतली मोठी शिळा कोंडाजीच्या गाडीवर चढवली. बैलगाडीच्या बाजूला वीतभर जागा होती. एका चाकाला तेवढी पुरली! कोंडाजी तोल सावरत निघाला. अर्ध्या वाटेवर कडाड आवाज झाला. चाकाचा बाभळीचा आख मधोमध मोडला होता. धार आता मांडीएवढी झाली होती.

"महाराज, माझी विद्या संपली! आता तुम्हीच धरा!" तो ओरडला.

आणि काय सांगावं! गाडी खचली नाही. आखाची दोन्ही टोकं लोंबत होती, तरी चाक फिरत होतं! शिळा पिसासारखी हलकी झाली. कोंडाजीने डोळे मिटून गाडी रेटली, दांडे उचलले, शिळा धारेच्या तोंडात बसली. त्याच क्षणी चाक निखळून चिखलात पडलं. मग बायाबापड्यांनी कोंडाजीच्या बाकीच्या गाड्या धरल्या, माती आली, गारा बैलगाडीपर्यंत आला आणि पुढे हातोहात गेला. सूर्य मावळायच्या आत धार थांबली.

इनामदार परत आले ते बोडक्या डोक्याने. "कोंडाजी, मी झोपडीत गेलो तेव्हा महाराज आसनावरच होते. उजवी मूठ आवळलेली, अंगातून घामाच्या धारा. मी म्हटलं, बांध वाचवा. तर म्हणाले, 'इनामदार, जरा थांबा. पोराच्या गाडीचा आख मोडलाय, तेवढा धरतो.' अरे, मधल्या टेकाडामुळे तिथून बांध दिसतसुद्धा नाही!"

कोंडाजी तसाच पळत सुटला, मागोमाग सगळा गाव. महाराजांनी मूठ उघडली. तळहात सोलवटून निघाला होता आणि त्यावर गाडीचं काळं वंगण होतं. कोंडाजीला हुंदका आवरेना.

इनामदारांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "मी गाव बुडवत होतो, महाराज. मला क्षमा करा."

"मी आख धरला, ढकलली त्याने," महाराज म्हणाले. "घरची माणसं खाली ठेवून ढकलली. क्षमा त्याच्याकडे मागा."

इनामदार वळले. आठ बैलगाड्यांचा धनी सुतारासमोर वाकला आणि सगळ्या गावादेखत त्याने आपलं डोकं कोंडाजीच्या चिखलाने भरलेल्या पायांवर ठेवलं.