धाकटीचा पंख

गाड्या बोलत आणि माणसं निमूट ऐकत, त्या काळातली गोष्ट. कोल्हापुरात लतीफ मिस्त्रीच्या गॅरेजात दोन जुन्या अमेरिकन गाड्या होत्या, सख्ख्या बहिणी. थोरलीला मिस्त्रीनं जुनेच स्क्रू हुडकून पहिल्यासारखं केलं. धाकटीच्या हौशी मालकानं तिला मागं विमानाएवढा पंख बसवला आणि इतकं खाली आणलं, की पोटाखालून मुंगीनंही वाकून जावं.

"ताई, तू मागासच राहिलीस," धाकटी गुरगुरली.

"व्हय गं, एवढी प्रगती मला झेपत नाही."

दसऱ्याला पूजा झाली, नारळ फुटले. थोरली चाकाखालची लिंबं चिरडून रस्त्याला लागली. धाकटी हातभर सरकली आणि नारळाच्या करवंटीवर पोट टेकून अडकली.

मिस्त्रीनं ओढायला दोर काढला.

थोरली म्हणाली, "दोर कशाला, मिस्त्री? तिला पंख आहे की!"