उपडी टोपली

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक सशीण राहत असे. दातांनी कामट्या सोलून ती इतक्या घट्ट टोपल्या विणी, की पाणी ओतलं तरी थेंब गळू नये. पण बाई मुलखाची भित्री! कुत्र्यांच्या धाकानं बाजाराला कधी गेली नाही. टोपल्या नेई कोल्हा. त्या बाजाराची रीत सोपी होती, बाळांनो : जी टोपली घ्यायची, ती भरून मावतील तेवढे हरभरे द्यायचे. तीच तिची किंमत.

कोल्हा ते हरभरे पोत्यात ओतून घेई आणि सशिणीच्या दारात येऊन एक टोपली उपडी घाली. बुडाच्या खळग्यात राहतील तेवढेच तिला देई. "काय करणार वहिनी, हल्ली बाजारात उपडंच माप चालतं!" सशिणीला ते खरं वाटे. पाच पिल्लं अर्धपोटी निजत. मग ती एका टोपलीच्या कामट्यांत दोन टोपल्या विणू लागली.

एके दिवशी माकडिणीच्या टोपलीचा तळ वाटेतच सुटला. सगळी बोरं ओढ्यात! तणतणत ती सशिणीच्या दारात आली. "अगं ए, शिगोशीग हरभरे दिले मी, आणि तू मला चाळण दिलीस?"

"शिगोशीग?" सशीण गांगरली. "भाऊजी तर असे मोजतात." तिनं टोपली उपडी घालून दाखवली.

माकडीण पोट धरून हसली. मग तिला पिल्लांच्या बरगड्या दिसल्या, आणि हसू तिथंच थांबलं. "माझंही चुकलंच गं. इतक्या टोपल्या नेल्या, पण विणणारीच्या पदरात काय पडतं, ते कधी विचारलं नाही. ऊठ, चल बाजाराला. कुत्रं आलंच, तर तुला घेऊन झाडावर चढते!"

त्या बाजारी सशीण स्वतः टोपल्या मांडून बसली. प्रत्येकानं टोपली भरून हरभरे तिच्यासमोर ओतले. कोल्हा कान पाडून म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं पाठीवर ओझं वाहिलं. मला काहीच नाही?"

"नाही कसं? पुढंही वाहा, भाऊजी." सशिणीनं टोपली उपडी घातली आणि खळगा काठोकाठ भरला. "हे घ्या. वाहण्याची मजुरी तुमच्याच मापानं!"

सारा बाजार हसला. कोल्ह्यालाही हसू आवरेना. पिल्लं पोटभर जेवू लागली, आणि टोपल्यांतून पुन्हा पाणी गळेना.

तात्पर्य : वस्तू घेताना नुसती तिची वीण पाहू नये, आपण दिलेलं मोल विणणाऱ्यापर्यंत पोचतं का, हेही विचारावं.