बत्ताशाचा घास

त्या वर्षी दिवाळी सरली आणि अळणी महाराज बोरखडीत येऊन राहिले. ओढ्याकाठच्या खंडोबाच्या देवळात, दीपमाळेच्या कट्ट्यावर घोंगडं अंथरलं की झाला त्यांचा मठ. महाराज मीठ खात नसत म्हणून लोक त्यांना अळणी महाराज म्हणत. बोलणं मात्र त्यांचं मोठं चवदार.

देवाची चाकरी गुरवांच्या घरी होती. गुरव पूजा करी. झाडलोट, पाणी आणि देवाचा घोडा त्याच्या बायकोकडे, हौसाकडे. कडेवर दूधपिती लेक आणि डोक्यावर गवताचा भारा, अशी ती दिवसभर देवळात वावरायची.

देवाचा घोडा म्हणजे एक नवलच होतं. कुणा व्यापाऱ्यानं नवसाला आणून सोडलेलं बुटकं तट्टू, वयात आलं तरी वासराएवढंच. पांढरंशुभ्र, म्हणून नाव बत्तासा. चंपाषष्ठीला त्याच्या पाठीवर देवाचा मुखवटा बसायचा आणि देव ओढ्यावर न्हायला जायचा. गावाची समजूत अशी, की बत्ताशाच्या मुखी घास लागला म्हणजे तो देवाला पोचला. मग काय, कुणी पुरणपोळी आणी, कुणी भिजवलेले हरभरे, कुणी गुळाचा खडा. बत्तासाही कुणाला नाही म्हणत नसे. त्याचं पोट घागरीसारखं झालं, मानेवर चरबीची वळकटी चढली, आणि चालताना तो पाऊल जपून टाकू लागला. लोक म्हणत, देव पावलाय.

एका सकाळी महाराजांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि हौसाला जवळ बोलावलं.

“हौसे, लेकीला तू पुरणपोळी भरवतेस का गं?”

“अगं बाई, महाराज! तिला कशी पचंल?”

“मग हाही तसाच. जीव केवढा, भूक केवढी, त्याच्या मापानं खायला घालावं. वाळलेलं गवत दे. एकदम भारा टाकू नकोस, थोडं थोडं घाल, दिवसभर चघळत राहील. पाणी ताजं ठेव. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. आणि रविवारी गर्दी झाली की तोंडाला मुसकी बांध.”

हौसाला त्यातलं कारण कळलं नाही, पण महाराजांचा शब्द कळला. तिनं सुतळीची मुसकी विणली.

पहिल्याच रविवारी गावचे दौलतराव पाटील देवळात आले. त्यांची स्वतःची घोडी उंचीपुरी, हरभऱ्यावर पोसलेली, साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली. मुसकी पाहून ते मोठ्यांदा हसले.

“काय गं हौसे, देवाच्या घोड्याला मुसकी? औताचा बैल हाय का तो?”

“महाराजांनी सांगितलंय, पाटील.”

“ते सोता अळणी खात्यात, आता देवालाबी अळणी करायला निघालं का?” सगळी माणसं खो खो हसली. बायकाही कुजबुजल्या, की गुरवीण नैवेद्य स्वतःच्या घरी नेत असणार. हौसा लेकीला पदराखाली घेऊन गवत निवडत राहिली. दिवस जात होते, बत्ताशाची पावलं हलकी होत होती, आणि तिला तेवढं पुरे होतं.

चंपाषष्ठी जवळ आली. हौसा ओढ्यावर लुगडी धुवायला गेली असताना दौलतरावांनी मुसकी सोडली आणि गूळ घालून भिजवलेल्या हरभऱ्यांची पाटी बत्ताशापुढे ठेवली. “खा लेका,” ते लाडानं म्हणाले, “सण तुझा हाय.” हौसा परतली तेव्हा पाटी चाटून पुसून लख्ख झालेली.

षष्ठीच्या दिवशी संबळ वाजू लागला, भंडारा उधळला, आणि बत्तासा उठेना. पुढचे पाय लांबवून तो आडवा पडला होता, नाकपुड्या फुलल्या होत्या. टापांना हात लावावा तर चुलीवरच्या तव्यासारख्या तापलेल्या; न पचलेल्या हरभऱ्यांची आग टापांत उतरली होती.

“बघा,” दौलतराव लोकांना म्हणाले, “उपाशी ठिवून ठिवून मारला हिनं. आज देव न्हायला गेला न्हाई, तर उद्यापासनं चाकरी दुसऱ्या घरी.”

हौसाला चाकरीचं भान नव्हतं. बत्ताशाचं डोकं मांडीवर घेऊन ती लेकीला थोपटावं तशी त्याला थोपटत होती. महाराज गर्दीतून आले तेव्हा ती एवढंच म्हणाली, “महाराज, मी गवतच घातलं हो.”

“ठाऊक आहे मला. उचला त्याला, ओढ्यावर चला.”

चौघांनी घोंगड्यात घालून बत्ताशाला ओढ्यावर नेलं. महाराज थंड पाण्यात बसले, त्याच्या पुढच्या दोन्ही टापा त्यांनी ओंजळीत धरल्या आणि डोळे मिटले. संबळ थांबला. वाहत्या पाण्याचा तेवढा आवाज होता. हौसाचा हात बत्ताशाच्या मानेवर होता. तिला त्याचा श्वास शांत होत गेलेला कळला. मग त्यानं एक पाय टेकला, दुसरा टेकला, अंग झाडलं आणि चारी पायांवर उभा राहून तिच्या पदराला नाक घासलं. येळकोट येळकोट म्हणत लोकांनी देव त्याच्या पाठीवर बसवला.

महाराज मात्र उठले नाहीत. उठायला गेले आणि पुन्हा पाण्यात बसले.

दौलतरावांना नवल वाटलं. हात द्यायला ते वाकले, आणि त्यांची नजर महाराजांच्या पायांवर गेली. तळवे निखाऱ्यासारखे लाल झाले होते.

“दौलतराव,” महाराज हसून म्हणाले, “तुमचे हरभरे फार जड आहेत हो.”

“म्या... लाडानं घातलं, महाराज,” दौलतराव कसंबसं म्हणाले.

“लाडानंच घातलंत. पण तो लाड तुमच्या हाताच्या मापाचा होता, त्याच्या पोटाच्या मापाचा नव्हता.”

पाटील तसेच पाण्यात गुडघ्यांवर बसले. ओंजळीनं ते महाराजांच्या पायांवर पाणी घालू लागले. मग ओंजळही पुरेना म्हणून त्यांनी कपाळच त्या पायांवर टेकलं. तळव्यांची आग कपाळाला लागली, तरी डोकं काही त्यांनी उचललं नाही. त्यांचा जरीकाठी फेटा सुटून ओढ्याच्या धारेला लागला. कुणीतरी हाक मारून सांगितलं, पण पाटलांनी मागं वळून पाहिलं नाही.